सव्वा महिन्याचे हरभरे

आमच्या घरात हरभरे भिजत घालत नाहीत. उसळ करायची तर मटकीची, मुगाची, फार तर वालाची. मुलगी मोठी झाल्यावर एकदा वैतागून म्हणाली, "आई, तुला छोल्यांचं काय एवढं वावडं आहे?" मी म्हटलं, पोटाला जड जातात. ते खोटं नव्हतं. कुणाच्या पोटाला, ते मात्र मी तिला सांगितलं नाही, तिच्या बापालाही कधी सांगितलं नाही. आता नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या लोखंडी फाटकावर खूर आपटल्याचा आवाज अजूनही येतो. ते फाटक काढून कितीतरी वर्षं झाली. त्या जागी आता स्कुटर लावतात.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. आम्ही नवीन पनवेलला तळमजल्यावरच्या जागेत राहायला येऊन वर्ष झालं होतं. नवरा एस.टी.ने ठाण्याला नोकरीला जायचा तो संध्याकाळीच परतायचा. मी जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा सकाळची, त्यामुळे दीड वाजेपर्यंत घरी. मुलगी तीन वर्षांची, ती शेजारच्या काकूंकडे असायची. इमारतीच्या मागे मोकळे प्लॉट होते, ते थेट विचुंब्याच्या रस्त्यापर्यंत. चहूकडे बांधकामं चालली होती आणि त्यातली निम्मी मेहनत गाढवांची होती. ट्रक जिथवर जाई तिथून पुढे रेती, विटा, खडी सगळं त्यांच्या पाठीवर. अशी पाच गाढवं बाळगणारं एक जोडपं आमच्या मागच्याच प्लॉटवर ताडपत्री ताणून राहत होतं. नवरा घाटावरचा, तोंडातून शब्द काढायला कंजूष. बायको पाताळगंगेकाठच्या आपटा गावची. तिच्या बापाचीही नदीच्या रेतीवर गाढवं होती, म्हणजे ती चालायला शिकली तीच गाढवाची शेपटी धरून, असं ती स्वतःच हसून सांगायची. वयाने माझ्याएवढीच. मी तिला अगंतुगं करायची आणि ती मला बाई म्हणायची. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

त्या पाचांत एक राखी रंगाची गाढवी होती, डाव्या कानाला खाच असलेली. तिच्यामागे नुकतंच झालेलं शिंगरू असायचं.

मे महिन्यात मुलीला गोवर आला. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. गोवराची लस टोचायच्या महिन्यात तिला सर्दी होती, पुढच्या महिन्यात माझ्याकडे पेपरांचे गठ्ठे आले, आणि मग ती राहिली ती राहिलीच. वर्गात मी फळ्यावर आकृत्या काढून मुलांना लस म्हणजे काय ते समजावत होते, आणि माझ्याच लेकीचं कार्ड कपाटात अर्धं कोरं पडलं होतं. गोवर ओसरला पण खोकला छातीत उतरला. ते त्या गाढववालीला मागून ऐकू गेलं असणार. एका सकाळी ती न बोलावता स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली, हातात झाकलेली वाटी.

"बाई, पलीभर दूध हाय गाढवीचं. पोरीला द्या. आमच्या सगल्या पोरांना देतात, छाती मोकली होते."

एरवी असल्या गोष्टीवर मी अर्धा तास भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी वाटी घेतली आणि मुलीला पाजलं. पैसे विचारले तर तिने जीभ चावली आणि ती निघून गेली.

दूध काही लागू पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. न्यूमोनिया. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. मी तपासलेल्या वहीने तिला वारा घालत होते आणि तिच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. इंजेक्शनं चालू होती, ताप हटत नव्हता. नवरा औषधं आणायला गेला होता. त्या खोलीत माझी सगळी अक्कल संपली. माझी आई शीतळादेवीचं करायची, गोवर-कांजिण्यांची देवी, वाहन गाढव. मला तेवढंच आठवलं आणि मी मनात म्हणाले, हिला वाचव. सव्वा महिना रोज तुझ्या वाहनाला भिजवलेले हरभरे घालीन. पोटभर घालीन.

पोटभर हा शब्द मीच घातला. कुणी मागितला नव्हता.

मुलगी बरी झाली. इंजेक्शनांनी झाली हे मला कळत होतं. पण नवस बोलण्याआधीही इंजेक्शनं चालूच होती, हेही कळत होतं. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने आधी हसून घेतलं असतं आणि मग दर पाहुण्याला ती गोष्ट ऐकवली असती. शाळेत तर विचारूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिले. कॅलेंडर पाहून हिशेब लावला. आषाढाच्या पहिल्या दिवशी सुरू केलं की सव्वा महिना बरोबर श्रावणातल्या शीतळा सप्तमीला संपत होता. मला ते इतकं चपखल वाटलं की देवीनेच तारखा लावून दिल्यासारखं झालं. मनात आलं, वाहन म्हणून तीच कान कापलेली गाढवी. तिचं दूध पोरीच्या पोटात गेलं होतं.

पावसाळ्यात त्यांचं काम बंद असे. नदीला पाणी, प्लॉटवर चिखल. गाढवं दिवसभर लांब दोरीने खुंटीला बांधलेली, आणि पाचांच्याही तोंडाला काथ्याचं विणलेलं मुसकं. भोवती गुडघाभर हिरवंगार गवत आणि तोंडं बांधलेली. मला पाहून संतापच आला. मी छत्री घेऊन तडक गेले.

"अगं, तोंडं का बांधलीस त्यांची? एवढं गवत आहे, खाऊ दे की."

"गवत हाय म्हणूनच बांधलंय ना बाई," ती म्हणाली. "आता काम नाय. सोडलं तर दिवसभर खात बसतील. गाढवाला पुरे म्हनता येत नाय. नि बसून खाल्लेलं पायात उतरतं."

"पायात?"

"खूर पेटतात आतून. मग जनावर उभं रात नाय. आमच्या बापाची दोन तशीच गेली."

मग तिने माझा हात धरला आणि त्या गाढवीच्या कुशीवर फिरवला. ओल्या केसांखाली बरगड्या एकेक लागत होत्या. "बरगडी हाताला लागली पायजे, डोल्याला दिसली नाय पायजे. दिसली तर उपाशी, नाय लागली तर जास्त." मग मानेवरच्या आयाळीखाली चिमटा घ्यायला लावला. "ही मान अशी मऊ पायजे. इथं चरबी धरून कडक झाली का समजायचं, आता उशीर झाला." दोन वेळा भाताचा पेंढा, काम असेल त्या दिवशी वर मूठभर कोंडा, एवढाच त्यांचा आहार. मी शाळेत मुलांना समतोल आहार शिकवत होते, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी हिला रोज थोडे हरभरे घातले तर चालतील?"

"सणाला एक मूठ घाला बाई, खुशीनं. रोज नको. नि आता पावसात तर नकोच."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, अगं, नवस आहे. दोन शब्दांचं काम. पुढे कितीदा वाटलं, तिला नवसातलं माझ्यापेक्षा शंभरपट कळत होतं. ती म्हणाली असती, रोज पाच दाणे द्या, देवीला पाच दाणेपण पोटभरच. तिने वाट काढली असती. पण मी विज्ञानाची बाई. तिच्या डोळ्यांत मला शहाणंच राहायचं होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन हरभरे भिजत घातले.

पावसाळ्यात ती दोन इमारतींत धुणीभांडी करायची, बारा ते तीन. तिचा नवरा नाक्यावर काम शोधत उभा असायचा. गाढवीची खुंटी आमच्या मागच्या फाटकाच्या जवळ होती, दोरी फाटकापर्यंत पोचायची. मी शाळेतून यायची, पातेल्यातले हरभरे ओंजळीने काढायची, गाढवीचं मुसकं सोडायची, घालायची, परत बांधायची. तिची गाठ वेगळी होती, दोन वेढे आणि एक फास. मी ती शिकून घेतली. चोराची चोरी साधी असते, माझी तर गाठीसकट नेटकी होती.

पहिले चार दिवस दोन ओंजळी घातल्या. मग पोटभर हा शब्द मला छळायला लागला. दोन ओंजळींत गाढवाचं पोट कुठे भरतं? ती तर संपल्यावर माझे तळहात चाटत राहायची, आणि शिंगरूही खालून तोंड घालायचं. मी चार ओंजळी केल्या. मग पातेलं. वाणी म्हणाला, "बाई, उसळीचा क्लास काढलात काय?" दहाव्या-बाराव्या दिवसापासून ती मी यायच्या वेळी फाटकाशी उभी असायची आणि उशीर झाला तर पुढचा पाय उचलून फाटकावर मारायची. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. शाळेतून दमून आल्यावर कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

नवऱ्याने एका रविवारी तो आवाज ऐकून विचारलं, हे काय? मी म्हटलं, शिळी पोळी घालते कधीकधी. तो म्हणाला, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुझं काय अडलंय?" आणि पेपर वाचायला लागला.

गाढवी अंगाने सुटायला लागली. ते मला दिसत होतं, आणि तिच्या मालकिणीला तर आधी दिसलं. ती एकदा भांडी घासून परतताना माझ्याशी बोलत उभी राहिली. "बाई, ही काय हवा खाऊन फुगते का काय कलत नाय. चौघं ठीक हायत, हीच जाड होते. पेंढा निम्मा केला तिचा." मी हसले. तीही हसली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पन लेकुरवाली हाय ना. पेंढा संपला का माझ्याकडं बघत राते. बघवत नाय. संध्याकालची घटकाभर मुसकं काढते तिचं, खाते चार घास गवत. ह्यांना सांगू नका, वरडतील."

तिचीही एक चोरी होती, आणि ती तिने मला लगेच सांगून टाकली.

शेवटच्या आठवड्यात मी मानेखाली चिमटा घेऊन पाहिला. तिथे आता वळी धरली होती, हाताला टणक. बरगड्या शोधाव्या लागत होत्या. आणि सप्तमीच्या दोन दिवस आधी गाढवी फाटकापर्यंत आली ती नेहमीसारखी नाही. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन, एकेक पाऊल तोलत आली. फाटकाशी येऊन तिने पाय उचलला आणि न मारताच खाली ठेवला.

मला कळलं. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून स्वच्छ लिहिते. मला काही कळत नव्हतं असं नाही. मला सांगितलेलं होतं, हात धरून शिकवलेलं होतं, आणि समोर दिसत होतं. पण त्याच सकाळी मुलीचं अंग कोमट लागलं होतं. साधी सर्दी असेल. असेलच. पण अजून दोन दिवस बाकी होते, आणि नवस अर्धा सोडला तर काय होतं ते पाहण्याची माझी छाती नव्हती. एका बाजूला माझी पोर आणि दुसऱ्या बाजूला एक गाढव, असा मी हिशेब मांडला आणि पातेलं पुढे केलं. तिने खाल्लं.

सप्तमीच्या दुपारी ती फाटकाशी आलीच नाही. खुंटीजवळ चिखलात आडवी पडली होती आणि शिंगरू तिच्या पाठीशी उभं होतं. मी फाटक उघडून तिच्यापर्यंत गेले, खाली बसले, मुसकं सोडलं आणि हरभरे तिच्या तोंडाशी ठेवले. पडल्या पडल्या तिने ते खाल्ले. हळूहळू, सगळे. मग मी दोन वेढे आणि फास घालून मुसकं बांधलं आणि घरी येऊन हात धुतले. मुलगी पलंगावर उड्या मारत होती. सर्दीसुद्धा नव्हती.

चार वाजता गाढववाली धावत आली. "बाई, चला जरा. तुमी शिकलेल्या, बघा तरी काय झालंय."

मी गेले. तिने मला गाढवीच्या पायाशी बसवलं. मी दोन्ही पुढचे खूर हातात धरले. वरून पावसाची भुरभुर होती, सगळं गार होतं, आणि ते खूर नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखे गरम होते. गाढवीने मान उचलून माझ्या हातांचा वास घेतला आणि तळवा चाटला. मला वाटलं, आता मालकिणीच्या लक्षात येणार. पण गाढववाली माझ्याकडे बघतच नव्हती. ती कपाळावर हात मारून घेत होती.

"माझीच मया नडली बाई. मीच सोडत होते ना मुसकं. घटकाभर, घटकाभर म्हणून. आमच्या बापानं शंभरदा सांगितलेलं. मीच खाल्लं हिला."

एक क्षण होता. तिचा नवरा बाजूला उभा होता, तो तिच्याकडे नुसता बघत होता, आणि ते बघणं ओरडण्याहून वाईट होतं. तेव्हा मी बोलू शकले असते. माझ्या तोंडून निघालं ते असं: "असेल. ओलं गवत वाईटच."

गुरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. म्हणाले, गार चिखलात उभी करा, दाणा बंद, पण पेंढा खात राहिली पाहिजे, एकदम उपास पडला तर रक्त बिघडतं. तिने खड्डा केला, बादल्यांनी पाणी आणून ओतत राहिली. गाढवीने मात्र खाणं सोडलं. पेंढ्याला तोंड लावेना. मालकिणीने मुसकं काढून दूर फेकून दिलं, कोवळं गवत हातात धरून तोंडाशी नेलं, तरी नाही. ज्या जनावराला पुरे म्हणता येत नाही, ते चार दिवस तोंड फिरवून पडून राहिलं. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा खुंटी रिकामी होती.

गणपतीच्या आधी ते जोडपं ताडपत्री गुंडाळून निघून गेलं. जाताना ती निरोप घ्यायला आली. मुलीच्या गालाला हात लावला. "पोर धरली बघा अंगानं," म्हणाली. तिच्या बोलण्यात ना टोमणा होता ना संशय. मला तेच सोसलं नाही.

मग तो आवाज सुरू झाला. दुपारची दोनची वेळ, घरात कुणी नाही, आणि मागे टण्. पहिल्यांदा मी दार उघडून पाहिलं. नंतर पाहिलं नाही. प्लॉटवर इमारत उभी राहिली, विचुंब्याचा रस्ता डांबरी झाला. मुलीला ताप आला की मला वाटायचं, देवीने नवस मान्य केलाच नाही, आपलंच वाहन मारणारीचा कसला नवस. ताप उतरला की वाटायचं, मान्य केला तर मग किंमत कोणी भरली? विज्ञान शिकवणं मी सोडलं नाही. पण समतोल आहाराचा धडा आला की तो मुलांना वाचून आणायला सांगायची.

सहा-सात वर्षांनी माघ महिन्यात मी मुलीला घेऊन जुन्या पनवेलला तळ्याकाठच्या बाजारात गेले होते. रस्त्याच्या कडेला विटा लादलेली तीन-चार गाढवं उभी होती आणि एक बाई पोतं सारखं करत होती. तिनेच मला ओळखलं. केस पांढरे झाले होते. "बाई! नि ही ती का? केवढी झाली!" तिने मुलीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बोलता बोलता माझं लक्ष गेलं. कोरडा रस्ता, गवताची काडी कुठे नाही, कामाचे दिवस. तरी सगळ्या गाढवांच्या तोंडाला मुसकं. काथ्याचं नव्हे, तारेचं.

"आता कशाला बांधलीस?" मी विचारलं. "गवत कुठे आहे इथे?"

"आता काढतच नाय मी," ती म्हणाली. "पेंढ्याच्या टायमाला काढायचं, परत बांधायचं. एकदा मया केली तर तिनं जीव घेतला. तवापासून जनावराला हात फिरवत नाय मी. काम घ्यायचं, पेंढा घालायचा, झालं."

हे ती अगदी सरळ आवाजात बोलली, आणि तेवढ्यात एक राखी गाढव विटांच्या ओझ्यासकट दोन पावलं पुढे आलं. त्याने तारेचं तोंड माझ्या उजव्या हातावर दाबलं आणि तिथेच जोरात वास घेत उभं राहिलं. मग पुढचा एक पाय उचलून रस्त्याच्या दगडावर मारला. थोडं थांबून पुन्हा मारला.

मुलगी हसायला लागली. "आई, त्याला तू आवडलीस!"

"हे तिचंच शिंगरू," गाढववाली चकित होऊन म्हणाली. "कोनाजवल जात नाय हा. मालकालापन चावतो. तुमाला कसं ओलकलं बाई यानं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"काय माहीत," मी म्हणाले, आणि हात पदराखाली घेतला.